पाणी अडवणारा कागद आणि अल्कोहोलची शाई

अल्कोहोल मार्करची शाई म्हणजे इथाइल किंवा आयसोप्रोपाइल अल्कोहोलात विरघळलेला रंग आणि तो कागदाला धरून राहावा म्हणून घातलेली थोडी राळेसारखी द्रव्ये. टोक कागदाला टेकले की अल्कोहोल तंतूंमध्ये शिरते, काही सेकंदांत उडून जाते आणि रंग मागे राहतो. एवढ्याशा वेळात चित्राचे बरेच काही ठरून जाते. रेघेची कड धारदार राहते की शाई फुटून केसाळ होते, रंग वरच्या अंगाला थांबतो की ताव ओलांडून खालच्या पानावर उतरतो, दुसरा रंग पहिल्यात विरतो की त्याच्यावर डाग होऊन बसतो, एका चित्रात मार्कर किती रिता होतो. या सगळ्याचा मोठा वाटा कागदाकडे असतो. महागडा मार्कर चुकीच्या कागदावर स्वस्त मार्करहून वाईट चालतो, हे कोणत्याही डिझाइन स्टुडिओत पाहायला मिळते.

या कामासाठी कागद घ्यायला गेले की मार्कर पॅड, लेआउट पेपर, ब्रिस्टल, केंट, कार्डस्टॉक अशी नावे समोर येतात. ती एका यादीतली वाटली तरी एका घरची नाहीत. न्यूयॉर्क-लंडनच्या जाहिरात संस्था, डेट्रॉइटचे मोटारींचे स्टुडिओ, टोकियोतले चित्रकथाकार आणि अमेरिकेतले शुभेच्छापत्रे बनवणारे हौशी लोक, या प्रत्येकाने आपापल्या कामाच्या सोयीने कागद धुंडाळला आणि तो बाजारात रुळला. हा शोध अवघड का गेला, हे समजायचे तर मार्करच्याही कित्येक शतके मागे, कागदाला खळ लावण्याच्या कामापर्यंत जावे लागते.

चिंध्या, सण किंवा अंबाडी कुटून केलेला लगदा साच्यावर उचलला आणि वाळवला की हाती येणारा ताव टीपकागदाच्या जातीचा असतो. त्यावर शाईचा थेंब पडला की चहूकडे पसरतो. लिहिण्याजोगा कागद त्यानंतरच्या कामातून तयार होतो. आठव्या शतकात कागदाची विद्या समरकंदमार्गे अरब जगात पोचली आणि तिथल्या कारागिरांनी तावाला पिठाची खळ देऊन तो घोटण्याची पद्धत बसवली. तीच पद्धत पुढे भारतात आली. दौलताबादजवळचे कागझीपुरा आणि जुन्नर ही दख्खनेतली या धंद्याची नामांकित ठिकाणे. मोहम्मद तुघलकाने १३२७ साली राजधानी देवगिरीला हलवली तेव्हा कागदी, म्हणजे कागद करणारे कारागीर, तिथे आले, असे परंपरा सांगते. पेशवाईच्या दफ्तरांत दौलताबादी आणि जुन्नरी कागदाचा मोठा वापर होता. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले मोडी कागद पाहणाऱ्याला त्या तावांची कांती आजही दिसते.

ही कांती येण्यामागे दोन वेगळी कामे होती आणि मार्करच्या संदर्भात त्यांतला फरक नीट पाहण्यासारखा आहे. ओला ताव गुळगुळीत गिलाव्याच्या भिंतीवर चिकटवून वाळवत. मग त्याच्या दोन्ही अंगांना खळ फिरवून तो पुन्हा सुकवत. खळीचा पातळ पापुद्रा तंतूंमधली भोके बुजवत असे. त्यानंतर ताव लाकडी फळीवर पसरून अकीक किंवा दुसऱ्या गुळगुळीत दगडाने जोर लावून घोटत. घोटण्याने तंतू दबून एकमेकांना भिडत, उरलीसुरली भोके बारीक होत आणि बोरू कुठेही न अडखळता चाले. काजळ आणि डिंकाची शाई अशा कागदावर वर बसून राही, इतकी की ओल्या फडक्याने ती पुसता येई. कागद शाई पीत नसे, कारण शिरायला वाटच ठेवलेली नसे.

युरोपने हेच काम सरसाने केले. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात इटलीतल्या फाब्रियानोच्या कारागिरांनी जनावरांची कातडी आणि खुरे उकळून काढलेल्या सरसात ताव बुडवायला सुरुवात केली. पिसाच्या टोकदार लेखणीला हा कडक पापुद्रा मानवला आणि पिठाच्या खळीला लागणारी बुरशी-कसर टळली. अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या केंट परगण्यात व्हॉटमनच्या गिरणीने काढलेला चित्रकलेचा कागदही सरसात बुडवलेलाच होता, आणि जलरंगाच्या उत्तम कागदांत सरसाचा वापर अजून टिकून आहे. खळ असो वा सरस, दोन्ही कागदाच्या पृष्ठभागावर पापुद्रा धरतात, आणि दोन्ही अल्कोहोलात विरघळत नाहीत. त्या काळी या दुसऱ्या गुणाशी कोणाला काही देणेघेणे नव्हते.

१७९८ साली फ्रान्समध्ये निकोला-लुई रोबेर याने अखंड पट्टा काढणारे कागदाचे यंत्र तयार केले. यंत्राच्या वेगाला एकेक ताव सरसात बुडवून दोरीवर वाळत घालण्याचे काम परवडणारे नव्हते. जर्मनीतल्या एरबाखचा कागद बनवणारा मोरित्स फ्रीडरिख इल्लिग याने १८०७ साली त्यावर उपाय प्रसिद्ध केला. राळ आणि तुरटी लगद्यातच मिसळायची, म्हणजे कागद यंत्रातून निघतानाच शाईला तयार. ही युक्ती यथावकाश सगळीकडे पसरली आणि एकोणिसाव्या शतकातली स्वस्त वर्तमानपत्रे, शाळेच्या वह्या, कचेऱ्यांचे कागद तिच्या बळावर उभे राहिले. तुरटीच्या आम्लामुळे हा कागद काही दशकांत पिवळा आणि ठिसूळ होतो, हा तोटा ग्रंथपालांना पुढे फार महागात पडला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात राळेची जागा कृत्रिम मेणासारख्या रसायनांनी घेतली, कागद आम्लमुक्त झाला, पण तत्त्व इल्लिगचेच राहिले.

त्या तत्त्वात कागदाच्या घडणीचा एक मोठा पालट दडलेला होता. खळ आणि सरस भोके बुजवत. राळ तसे काही करत नाही. ती तंतूंना पाण्याची नावड लावते. भोके उघडीच राहतात, फक्त पाण्याला आत शिरावेसे वाटत नाही. दीडशे वर्षे एवढे पुरले, कारण लिहिण्याची, चित्र काढण्याची आणि रंगवण्याची बहुतेक द्रव्ये पाण्यातच कालवलेली होती.

अल्कोहोलपुढे ही व्यवस्था निकामी होते. साध्या तापमानाला पाण्याचा पृष्ठताण मीटरमागे सुमारे ७२ मिलिन्यूटन असतो, इथाइल अल्कोहोलचा सुमारे २२. पृष्ठताण जास्त असल्यामुळे पाणी मेणचट पृष्ठभागावर थेंब धरून बसते. अल्कोहोल त्याच पृष्ठभागावर पसरून जाते. राळ तर अल्कोहोलात विरघळतेच. भोकांतून द्रव किती पुढे सरकेल याचे गणित रिचर्ड लुकास याने १९१८ साली आणि एडवर्ड वॉशबर्न याने १९२१ साली स्वतंत्रपणे मांडले. त्या गणितात भोकाच्या भिंतीला द्रव किती ओला करतो आणि भोक किती रुंद आहे, या दोन गोष्टी निर्णायक ठरतात. राळ घातलेल्या कागदात पाण्याच्या बाबतीत पहिलीच गोष्ट नकारार्थी येते आणि प्रवास सुरूच होत नाही. अल्कोहोल भिंत पूर्ण ओली करते. मग त्याला आवरायला हातात एकच उपाय उरतो, भोके बारीक करणे किंवा बंद करणे. म्हणजे खळ लावणे आणि घोटणे. अल्कोहोल मार्करसाठी चांगला ठरलेला जवळजवळ प्रत्येक कागद वेगवेगळ्या यंत्रांनी पुन्हा याच दोन कामांकडे वळलेला आहे.

नमद्याच्या टोकाची लेखणी तशी जुनी. ली न्यूमन याने १९१० साली अमेरिकेत तिचे पेटंट घेतले होते, पण ती व्यवहारात फारशी चालली नाही. मार्कर घरोघरी पोचला तो न्यूयॉर्कच्या सिडनी रोझेंथालच्या मॅजिक मार्करपासून, १९५३ च्या सुमारास. काचेची बुटकी बाटली, आत शाईने भिजलेला लोकरीचा नमदा आणि वर त्याचेच तिरपे टोक, अशी त्याची घडण होती. कोणत्याही पृष्ठभागावर तत्काळ वाळणारी रेघ हा त्याचा गुण. १९६३ साली जपानच्या पेंटेलने तंतूंच्या बारीक टोकाचा साइन पेन बाजारात आणला. त्याची शाई पाण्याची होती, त्यामुळे कागदाच्या दृष्टीने त्याने नवा प्रश्न उभा केला नाही. प्रश्न उभा केला तो मॅजिक मार्करच्या वंशाने. त्या काळच्या मार्करांत झायलीन आणि टोल्युइन ही उग्र द्रावके असत, आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत कायम टिकणाऱ्या शाईत त्यांचाच वापर सर्रास होता. अल्कोहोलप्रमाणेच ही द्रावकेही राळेला जुमानत नाहीत.

जाहिरात संस्थांनी मार्कर सर्वांत आधी जवळ केला. ग्राहकाला जाहिरातीचा कच्चा आराखडा दाखवायचा तर व्हिज्युअलायझरला तासाभरात रंगीत पान लागे. जलरंग वाळेपर्यंत थांबायला वेळ नसे. आराखडा सुधारताना जुन्या चित्रावर नवा ताव ठेवून तेवढाच भाग पुन्हा काढायचा, ही तिथली रोजची रीत. म्हणून कागद पातळ आणि अर्धपारदर्शक हवा, आणि तरीही शाई खालच्या चित्रावर उतरता कामा नये. या दोन अटींतून लेआउट पेपर आणि त्याचा पुढचा अवतार, मार्कर पॅड, घडले. लगदा खूप वेळ कुटून तंतू बारीक आणि लवचीक करायचे, म्हणजे ताव दाट होतो आणि उजेडाला पारदर्शक दिसतो. मग पोलादी रुळांमधून दाबून काढायचा आणि निदान एका अंगाला तरी शाई न शिरू देणारा थर द्यायचा. चौरस मीटरमागे साधारण ७० ग्रॅम वजनाचा असा ताव झेरॉक्सच्या कागदापेक्षाही पातळ वाटतो, तरी त्यावरचा गडद निळा पाठीमागे येत नाही.

लंडनमध्ये १९५९ साली निघालेली लेट्रासेट ही कंपनी घासून उमटवायच्या अक्षरांसाठी ओळखली जाते. ती अक्षरे एके काळी मुंबईच्या जाहिरात संस्थांतही रोजच्या वापरात होती. याच कंपनीने पँटोनच्या रंगक्रमांकांशी जुळणारे मार्कर काढले आणि त्यांच्या जोडीला शाई न पाझरू देणारे पॅडही विकले. मार्कर आणि त्याचा कागद ही एका घरातली जोडी आहे, ही समजूत या धंद्याने रुजवली. ती व्यापारी होती हे खरेच, पण तिच्यामागे तांत्रिक सत्यही होते.

इतका पातळ ताव ओला होऊनही सुरकुतत नाही, याचे कारण द्रावकात आहे. कागदातले तंतू एकमेकांना ज्या नाजूक बंधांनी धरून असतात ते पाण्याने सुटतात, तंतू फुगतात आणि ताव वाळताना वाकडा होतो. पाण्याच्या मार्करने दोन-तीनदा तीच जागा घासली की कागदाची साल निघते, तीही यामुळेच. अल्कोहोलने सेल्युलोज फारसे फुगत नाही. जलरंगाला ३०० ग्रॅमचा जाड कागद लागतो तिथे अल्कोहोल मार्करचे काम ७० ग्रॅमवर सपाट उरकते. जाड म्हणजे चांगला हा चित्रकलेच्या दुकानातला सर्वसाधारण हिशेब इथे लागू पडत नाही, आणि नव्याने मार्कर घेणारे लोक सर्वांत जास्त फसतात ते याच हिशेबाने.

मोटारींच्या स्टुडिओंची गरज वेगळी होती. डेट्रॉइटच्या चित्रकारांना गाडीच्या पत्र्यावरची झळाळी दाखवायची असे. ते व्हेलम या अर्धपारदर्शक कागदावर काम करत. रेषा पुढच्या अंगाला, आणि मार्करचा मोठा सपाट रंग कित्येकदा मागच्या अंगाला. कागदातून गाळून आलेला तो रंग मऊ दिसे, मार्करचे पट्टे लपत आणि पुढच्या अंगावर खडूची भुकटी चोळून प्रकाशाचे उतार करायला जागा मोकळी राही. दुसरी पद्धत रंगीत कागदाची. करड्या किंवा निळसर कागदाची मूळ छटा हाच गाडीचा मधला रंग धरायचा, मार्करने सावल्या द्यायच्या आणि पांढऱ्या पेन्सिलीने व रंगाने चकाकी. यात मार्कर फार थोडा लागतो, त्यामुळे कागद थोडा शोषक असला तरी चालून जाते. अशी चित्रे काढणे, म्हणजे मार्कर रेंडरिंग, ही औद्योगिक डिझाइनची परिभाषाच होऊन बसली. भारतात हा विषय अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था (१९६१) आणि मुंबई आयआयटीचे औद्योगिक डिझाइन केंद्र (१९६९) यांच्यामार्फत रुजला.

यानंतरचे वळण कागदापेक्षा त्यावर छापलेल्या काळ्या भुकटीने दिले. १९५९ साली जाहीर झालेल्या झेरॉक्स ९१४ या यंत्रापासून साध्या कागदावर प्रत काढणे सोपे झाले. चित्रकाराने एकदा रेषाचित्र काढायचे, त्याच्या हव्या तितक्या प्रती घ्यायच्या आणि प्रत्येक प्रतीवर वेगळी रंगसंगती करून पाहायची, ही सोय कोणाला नको होती? अडचण एकच होती. प्रतीवरची रेघ म्हणजे उष्णतेने वितळवून चिकटवलेली प्लास्टिकची भुकटी, म्हणजेच टोनर. झायलीन तिला विरघळवते. मार्कर फिरताच काळी रेघ ओघळे आणि पिवळ्या रंगाची राख होई. टोकियोच्या टू कंपनीने १९८७ साली कॉपिक मार्कर आणले ते या अडचणीवरचा उपाय म्हणून. त्यांतली अल्कोहोलची शाई टोनरला हात लावत नाही. उग्र वास गेला, टोक बदलता येऊ लागले, शाई पुन्हा भरता येऊ लागली, आणि रंगांची संख्या वाढत वाढत ३५८ वर गेली.

टोनर शाबूत राहिला, पण तो ज्या कागदावर बसतो त्याचे काय? प्रत काढायचा कागद ७०-८० ग्रॅमचा, आत खडूची पूड भरलेला, पाण्यापुरताच शिकवलेला. अल्कोहोल त्यातून आरपार जाते. मूळ रेघेच्या बाहेर मिलिमीटरभर रंग सरकतो आणि खालच्या टेबलावर चित्राची छाया उमटते. तरीही हा कागद शिकण्यासाठी उत्तम म्हणावा लागेल. तो स्वस्त आहे, गुळगुळीत आहे, आणि रंग कुठे थांबवावा म्हणजे फुटून रेघेपर्यंत पोचेल, हा अंदाज हाताला त्यावर लवकर बसतो.

जपानमध्ये मार्कर स्टुडिओतून निघून मांगा या चित्रकथांच्या रंगीत पानांवर गेला आणि तिथे त्याला केंट कागद भेटला. नाव इंग्लंडच्या परगण्याचे, पण जपानमधला केंट हा नकाशे आणि आराखड्यांसाठी रुळलेला घट्ट, गुळगुळीत, पांढरा कागद. मांगा काढणारे टाकाच्या बारीक रेषेसाठी तो आधीपासून वापरत होते. टाक अडखळू नये म्हणून दाबून गुळगुळीत केलेला पृष्ठभाग मार्करलाही मानवला. पश्चिमेत हीच जागा ब्रिस्टल बोर्डाची. पातळ ताव एकावर एक चिकटवून केलेला हा जाड कागद दोन पोतांत मिळतो, एक गुळगुळीत आणि दुसरा किंचित खरबरीत. खरबरीत प्रकारालाही व्हेलम म्हणतात, आणि डेट्रॉइटच्या अर्धपारदर्शक व्हेलमशी त्याचा काही संबंध नाही, हे विकत घेताना ध्यानात ठेवलेले बरे. मार्करला गुळगुळीत प्रकार घ्यावा. त्यावर रंग हळूहळू आत मुरतो, त्यामुळे एकाच रंगाचे दोन-तीन हात देऊन छटा गडद करता येते. मागे डाग दिसतोच, पण जाड तावाची मागची बाजू वापरायची नसतेच. रेषा मात्र अल्कोहोलात न विरघळणाऱ्या शाईची हवी, नाहीतर कागद कितीही चांगला असला तरी काळे पसरायचे टळत नाही.

एका रंगातून दुसऱ्यात सहज उतरत जाणे हे अल्कोहोल मार्करचे खरे वैभव आहे, आणि कागदाची सर्वांत कठीण परीक्षाही तिथेच होते. नवा हात फिरला की त्यातले अल्कोहोल आधीचा वाळलेला रंग पुन्हा विरघळवते आणि दोन्ही एकत्र वाहतात. मार्कर पॅडसारख्या बंद कागदावर रंग वरच असल्यामुळे तो चटकन हलतो, तेजस्वी दिसतो, शाई कमी लागते. पण तिसऱ्या-चौथ्या हाताला कागदाकडे जागाच उरत नाही. शाई डबक्यासारखी साचते, किंवा नवा हात जुना रंग उचलून बाजूला ढकलतो. उघड्या, जाड कागदात रंग खोल उतरतो, थर मुरत जातात, कडा विरतात, आणि गालावरची लाली किंवा फळाचा गोलवा काढायला तो फार बरा पडतो. किंमत मोजावी लागते ती शाईत. बिनरंगी ब्लेंडरचे, म्हणजे रंग नसलेल्या नुसत्या द्रावकाच्या मार्करचे, वागणेही दोन्हींवर वेगळे. बंद कागदावर तो रंग पुसतो, उघड्या कागदावर रंगाला खाली आणि कडेला रेटतो.

अमेरिकेत रबरी शिक्क्यांनी शुभेच्छापत्रे बनवण्याचा छंद २००० नंतर कॉपिककडे वळला तेव्हा तिथल्या लोकांनी हा दुसरा मार्ग पक्का केला. शिक्का मारून रेषाचित्र उमटवायचे आणि आत मार्करने गोलाई आणायची, तर कागद जाडही हवा, गुळगुळीतही हवा आणि बऱ्यापैकी शाई पिणाराही. त्यांना तो कलेच्या दुकानात सापडला नाही. विस्कॉन्सिन राज्यातल्या नीना गावाचे नाव लावणाऱ्या कंपनीचा, पत्रव्यवहार आणि निमंत्रणपत्रिकांसाठी बनलेला शुभ्र कार्डस्टॉक त्यांनी उचलला, आणि कचेरीचा तो कागद मार्करच्या जगात प्रमाण ठरला. पुढे ब्लेंडिंग कार्ड या नावाने खास मार्करसाठी २५० ग्रॅमच्या आसपासचे कार्डही आले.

जलरंगाचा कागद या कामाला मधला म्हणावा असा आहे. गरम रुळांमधून काढलेल्या गुळगुळीत प्रकारावर सरसाचा पापुद्रा अल्कोहोलला थोडा अडवतो आणि रंग छान मिसळतात, पण कापसाचा जाड ताव शाई भरपूर पितो. दाणेदार प्रकार टाळावा. त्याच्या खड्ड्यांत पांढरे ठिपके राहतात आणि ब्रशसारखे मऊ टोक झिजून त्याचे केस सुटतात. हाच आक्षेप हातकागदालाही लागू होतो. पुण्याच्या हातकागद संस्थेने १९४० पासून जोपासलेला चिंध्यांचा मऊ कागद जलरंगाला आणि छापाला शोभतो, मार्करच्या रेघेला तो फार तहानलेला आहे. जुन्नरच्या कागद्यांसारखा खळ देऊन दोन्ही अंगांनी घोटलेला हातकागद असता तर गोष्ट वेगळी झाली असती. दुसऱ्या टोकाला प्लास्टिकचे कृत्रिम कागद आणि चकचकीत फोटो-पेपर. त्यांत एकही भोक नाही. शाई पृष्ठभागावर ओली फिरत राहते आणि फुंकरीने किंवा तिरके धरून वाहवता येते. अल्कोहोल शाईची अमूर्त चित्रे त्यावर फुलतात, पण मार्करची ठरीव रेघ त्यावर टिकत नाही.

महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलांच्या हातात चित्रकलेचा म्हणून जो कागद पहिल्यांदा येतो तो कार्ट्रिज. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या परीक्षांची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय त्याच्याशी जोडलेली आहे. पेन्सिल आणि पोस्टर कलर यांसाठी तो बनतो आणि ते काम चोख करतो. किंचित दाणा, लगद्यातच मिसळलेली पाणीरोधक द्रव्ये, पाण्याला पुरेसा विरोध. मार्कर लावला की त्याची दुसरी बाजू भरून येते आणि वहीत असेल तर पुढची दोन पाने वाया जातात. हा कागदाचा दोष म्हणता येणार नाही. त्याच्या घडणीत अल्कोहोलचा विचार कधी नव्हताच. आता भारतीय बाजारात ब्रस्ट्रोसारख्या देशी नावांचे अल्कोहोल मार्कर आणि त्यांच्या जोडीचे पॅड मिळतात, त्यामुळे परदेशी पॅडसाठी अडून राहावे लागत नाही.

नाव आणि वेष्टन काहीही सांगो, कागदाची परीक्षा पाच मिनिटांत घेता येते. तावाच्या कोपऱ्यात बारीक पेनाने नखाएवढी चौकट काढावी, ती गडद मार्करने काठापर्यंत भरावी आणि वाळू द्यावी. रंग चौकटीबाहेर किती सरकला ते पाहावे, मग ताव उलटावा. शेजारी एकाच रंगाचे तीन हात एकावर एक द्यावेत. दुसऱ्या हाताला छटा गडद होऊन तिसऱ्याला फरक पडला नाही तर कागद बंद आहे, तिसऱ्यालाही छटा बदलली तर तो उघडा आहे. शेवटी फिका आणि गडद रंग ओले असतानाच एकमेकांत ओढून पाहावेत. पॅडच्या दोन बाजू सारख्या नसतात, म्हणून हे सगळे दोन्ही अंगांना करावे. कागदाची शुभ्रताही पाहावी, कारण मार्करची शाई पारदर्शक असते आणि पिवळसर कागद फिक्या निळ्याला हिरवट करतो.

टिकाऊपणाचा विचार सगळ्यांच्या शेवटी येतो, आणि इथे कागदाचे वेष्टन दिशाभूल करू शकते. टिकाऊ कागदासाठी १९९४ सालचे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ९७०६. आम्लमुक्त आणि खडूचा साठा राखलेला कागद शतकभर सहज टिकावा, अशा अटी त्यात घातलेल्या आहेत. ते कागदाचे आश्वासन झाले. मार्करची शाई मात्र विरघळलेल्या रंगद्रव्याची असते, रंगीत मातीसारख्या न विरघळणाऱ्या कणांची नव्हे, आणि असे रंग उजेडात फिके पडतात. फिके गुलाबी आणि जांभळे सहसा आधी जातात. उत्तम कागदावरचे चित्रही खिडकीसमोर टांगले तर काही वर्षांत त्याच्या छटा हरवतात. जाहिरातीचे आराखडे आणि गाड्यांची चित्रे काही आठवड्यांच्या उपयोगासाठी काढली जात, त्यामुळे या धंद्यांनी ही उणीव कधी मनावर घेतली नाही. मांगाच्या पानांचे खरे जीवन छापील अंकात होते. आज मूळ चित्र जपू पाहणारे लोक ते पूर्ण होताच स्कॅन करून घेतात आणि मूळ ताव आम्लमुक्त कागदांच्या मध्ये घालून, बंद खणात, अंधारात ठेवतात.